हिरवी चौकट

१

हॉल उघडायचा म्हणजे आधी रस्त्याकडचं शटर अर्ध्यावर न्यायचं, मग लॉबीतले दोन दिवे लावायचे, मग तिकीट खिडकीची खोली उघडायची आणि सगळ्यात शेवटी हॉलचं मोठं दार. हा क्रम दादाचा. हॉलच्या साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला तेव्हा मला कोणी काही सांगितलं नाही. किल्ल्याच त्या क्रमाने ओवलेल्या होत्या.

दादा इथे बुकिंगला होता. नाटकं, नाचाच्या क्लासचे कार्यक्रम, कुणाकुणाची भाषणं. हॉल छोटा, पण सीटवरून भांडणं मोठी व्हायची, म्हणून त्याने कॉम्प्युटरवर हॉलचा नकाशाच करून ठेवला. हिशेबाला वापरतात ते चौकटी-चौकटींचं शीट असतं ना, त्यात. त्याने त्यात हिशेब मांडला नाही, हॉल मांडला. एक चौकट म्हणजे एक सीट. वर स्टेज, मग रांगा, रांगांच्या खाली हॉलचं दार, त्याखाली लॉबी आणि अगदी तळाला तिकीट खिडकी. त्यात बघून तो खिडकीतून सांगायचा, "पहिली रांग नको काका, मान इथेच ठेवून जावी लागेल."

त्याच पहिल्या रांगेत तो बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी टेम्पो घेऊन बाहेरगावी होतो. गाडी तिथेच टाकली, मिळेल ते वाहन धरून आलो, तोवर सगळं आटोपलं होतं. माझी वाट पाहिली नाही.

दादाचं तोंड मला बघायला मिळालं नाही. घरात फोटो आहेत, पण फोटोत माणूस फोटोसाठी उभा असतो. मला शेवटचं बघायचं होतं. सगळे सांगायचे, अगदी झोपल्यासारखा दिसत होता रे. ज्याने पाहिलेलं नसतं त्याला लोक हेच सांगतात.

साहेब म्हणाले, "नाचाच्या क्लासचा कार्यक्रम आहे. बुकिंग सुरू करायचंय. तो नकाशा पडद्यावर नीट दिसला पाहिजे. जमलं तर बस दादाच्या जागी."

"जमेल," मी म्हणालो. मी कशालाही आधी जमेलच म्हणतो. शाळा मी सातवीतच सोडली, कॉम्प्युटरला आयुष्यात हात लावला नव्हता.

२

खिडकीच्या खोलीतल्या मशीनवर आधी जो प्रोग्राम होता त्याची मुदत संपली होती. साहेबांनी पैसे भरले नाहीत. कॉम्प्युटरवाल्याने तात्पुरता एक फुकटचा व्ह्यूअर टाकून दिला होता. फाइल उघडते, दिसते, पण तिच्यात काही बदल करता येत नाही. नवीन मशीन येईपर्यंत भागवा, म्हणाला.

फाइल उघडली आणि मला घाम फुटला. मी त्याला फोन लावला.

"सगळं बिघडलंय."

"सगळं म्हणजे काय?"

"कुंपणं आलीत."

"कसली कुंपणं?"

"सीटच्या आकड्यांच्या जागी. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. अख्खा हॉल कुंपणांनी भरलाय."

तो हसला. "अरे राजा, त्याला हॅश म्हणतात. आकडा चौकटीत मावत नसला की तसं दिसतं. आणखी काय?"

"अक्षरांच्या जागी रिकामे डबे आहेत."

"तुझ्या दादाने कुठला तरी झोकदार फॉन्ट वापरला असणार. तो या व्ह्यूअरकडे नाही. नवीन मशीनवर टाकून देतो. मी आत्ता एका ऑफिसात टेबलाखाली आडवा पडलोय, तोंडात स्क्रू आहे. तू झूम कमी कर, पूर्ण शीट दिसतं का बघ, बाकी नंतर."

मी झूम कमी केला. हॉल दिसला. वर स्टेजची पट्टी, खाली कुंपणांच्या रांगा. "पूर्ण दिसतंय. पहिल्या रांगेत एका सीटभोवती हिरवी चौकट आहे. ती काढू का?"

"ती निघत नसते. फाइल बंद करताना माणूस ज्या जागी असतो, उघडताना चौकट तिथेच येते. म्हणजे तुझ्या दादाने शेवटचं तिथे क्लिक केलं असेल."

मी ती हिरवी चौकट बघत राहिलो.

"हॅलो? आहेस का?"

"आहे."

"वाईट झालं रे," तो टेबलाखालून म्हणाला. मग स्क्रू पडल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. काच गरम होती. कडेपासून मोजलं, तर पहिल्या रांगेत उजव्या भिंतीकडून चौथी सीट. उजव्या भिंतीला आमच्याकडे पाण्याचा कूलर आहे. मी हॉलमध्ये गेलो, एकच दिवा लावला आणि त्या सीटवर जाऊन बसलो. डबा तिथेच खाल्ला. आमच्या सीटना स्प्रिंग आहे. माणूस उठला की बूड आपोआप वर जातं, टप्प करून. मी उठलो तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज फार मोठा झाला. पण दादा गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्या घशाखाली नीट घास उतरला होता.

३

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर हिरवी चौकट दुसऱ्या रांगेत होती.

पहिला विचार हाच की काल माझंच बोट लागलं असेल. मी तसाही धांदरट. फाइल बंद केली, परत उघडली. चौकट तिसऱ्या रांगेत.

मी उठून पाणी प्यायलो. मग कशालाही हात न लावता नुसता बसून राहिलो. चौकट हलली नाही. घड्याळाचा काटा बघत बसावं तशी बघितली, जागची हलली नाही. बंद करून उघडली. चौथी रांग.

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. "बदल सेव्ह होतोय वाटतं यात."

"शक्यच नाही. तो व्ह्यूअर आहे. बघायचं आणि गप बसायचं. तू काल झूम कमी केला होतास ना? आज उघडलीस तेव्हा झूम कमीच होता?"

नव्हता. झूम परत मोठाच झाला होता. मी सीट शोधायला शीट खाली-वर सरकवलं होतं, तेही विसरलं गेलं होतं. मी केलेलं काहीच त्या मशीनच्या लक्षात राहत नव्हतं. फक्त चौकट पुढे सरकत होती.

मी एक युक्ती केली. आमच्या भाच्याने एकदा दाखवलं होतं तशी ती फाइल फोनवर घेतली. फोनवर उघडली. चौकट पहिल्या रांगेत. बंद केली, उघडली. पहिल्याच रांगेत. कितीदाही उघडा, पहिली रांग. म्हणजे फाइल ठीक होती. मशीन खराब. असं असतं, जुनी मशीनं काहीही करतात. आमच्या टेम्पोचा हॉर्न डावीकडे वळलं की आपोआप वाजायचा. म्हणून काय टेम्पोत कोणी बसलेलं नव्हतं.

तरी मी हॉलमध्ये जाऊन बघून आलो. चौथी रांग, कूलरच्या बाजूची सीट. बूड वर, पाठीला टेकलेलं. हाताने खाली दाबलं, सोडलं, टप्प करून वर गेलं. मी मूर्खासारखा म्हणालो, "दादा?" कूलरची मोटर घरघरत होती. बाकी काही नाही.

खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. वाईट वाटलं.

४

दुपारच्या आत मी फाइल आणखी चार-पाचदा उघडली. स्वतःला सांगत होतो की नकाशा नीट करायचाय म्हणून. चौकट हॉलच्या मध्यावर आली. स्टेजकडून दाराकडे, सरळ एका ओळीत. वाट सोडून इकडे नाही, तिकडे नाही.

साहेब डोकावून गेले. "झालं का रे?"

"होतंय साहेब."

"होतंय म्हणजे किती झालं?"

"निम्मं."

कॉम्प्युटरवाल्याने आपणहून फोन केला. नवीन मशीन आलं होतं, संध्याकाळी घेऊन येणार होता. जुनं घेऊन जाऊन साफ करणार. "तोवर ती कुंपणं तरी काढ. वर कॉलमची अक्षरं आहेत ना, ए, बी, सी? दोन अक्षरांच्या मधली रेघ माउसने धर आणि ओढ. चौकट रुंद झाली की आकडा दिसेल, फाइल बंद करेपर्यंत तरी. ए पासून सुरू कर, डावीकडून."

"डावीकडे ए नाही."

"मग काय आहे?"

"डावीकडे कायतरी दोन अक्षरी आहे. ए उजव्या टोकाला आहे."

"ए उजवीकडे कसा असेल? थांब, थांब. अरे, उलटं दिसतंय ते. काही भाषा उजवीकडून वाचतात, त्यांच्यासाठी शीट पालथं करायची सोय असते. व्ह्यूअरने कुठून तरी ते धरलंय. वर व्ह्यूमध्ये जा, 'उजवीकडून डावीकडे' असं असेल, त्यावरची खूण काढ."

मी काढली. शीट एकदम पलटलं. माणूस कुशीवर वळावा तसं. चौकट उजवीकडची डावीकडे गेली. हिरवी चौकट होती तो कॉलम मी ओढला. कुंपण गेलं आणि आकडा आला, चार.

"आता दिसतंय?"

"दिसतंय."

"बघ. एवढंसं होतं."

फोन ठेवून मी खुर्चीत बसूनच राहिलो. आमच्याकडे चार नंबर कूलरकडे नसतो. चार नंबर डाव्या भिंतीकडे, बाहेर पडायच्या दरवाजाच्या बाजूला. डबे वाचता येत नव्हते, आकडे कुंपणाआड होते, म्हणून मी आपला कडेपासून मोजत होतो आणि भलत्याच भिंतीकडे जाऊन हाका मारत होतो.

मी जाऊन हॉलचं दार उघडलं. दिवा लावायला हात केला, पण लॉबीतला उजेड आत जेवढा पडत होता तेवढ्यात दिसलं. सगळ्या सीट वर होत्या. रांगांमागून रांगा, सगळी बुडं पाठीला टेकलेली. मधल्या रांगेत, डाव्या बाजूला, एक सीट खाली होती.

स्प्रिंगची सीट रिकामी असली की खाली राहत नाही. स्प्रिंग तुटली तर राहते. मी हाही विचार केला. मग दार हळूच ओढून घेतलं, खोलीत आलो, फाइल बंद करून उघडली आणि कान दिला. भिंतीपलीकडून टप्प झालं. आणि त्याच्या मागोमाग, थोडं अलीकडे, बूड खाली दाबलं जाताना स्प्रिंग कुरकुरते तसा आवाज.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. डोळे भरून आले आणि मी तोंडावर हात दाबून हसलो. दादा येत होता.

५

वहिनी दुपारनंतर आली, तोवर मी फाइल उघडून-बंद करून चौकट दाराजवळच्या रांगांपर्यंत आणली होती. दादाचं स्वेटर, चष्म्याचं घर आणि एक जादा डबा खिडकीच्या खोलीत राहिलं होतं, ते न्यायला. ती दारातच उभी राहिली, मग आत आली आणि स्टुलावर बसली.

"घरी रिमोटमध्ये बॅटऱ्या उलट्या घालायचे तुमचे दादा," ती म्हणाली, "आणि इथे म्हणे कॉम्प्युटर चालवायचे."

"चालवायचा. भारी चालवायचा. वहिनी, चल, तुला एक गंमत दाखवतो हॉलमध्ये."

"हॉलमध्ये मी पाऊल टाकणार नाही."

"अगं दोन मिनिटं. तू बघशील तर—"

"भाऊजी, नाही म्हटलं ना."

मला पोटात काही ठेवता येत नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. चौकट, रांगा, खाली राहिलेली सीट. बोलता बोलता मी उभा राहिलो होतो. "चार नंबरवरून निघालाय तो. पहिल्या रांगेतून. आता दारापाशी आलाय बघ. मशीन संध्याकाळी जाणार आहे, त्याआधी इथपर्यंत येईल. एकदा बघायचंय मला त्याला. एकदाच. तूही थांब."

मला वाटलं ती रडेल, किंवा मला वेड्यात काढेल. ती स्वेटरची घडी घालत होती. घडी अर्धी राहिली.

"ते चार नंबरवर नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाचवर होते. साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं, मी समोरच उभी होते. उचलल्यावर सीटचा आकडा दिसला. पाच. तो आकडा मी विसरेन का?"

"मग चारवर कोण होतं?"

"कोणी नव्हतं. सीट खाली होती."

"दादाने हाताने धरून ठेवली असेल."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने स्वेटर मांडीवर ठेवलं आणि स्वतःचा हात बाजूला हवेत धरला, तळवा खाली, स्टुलाच्या उंचीपासून वीतभर वर. "असा होता हात. सीटला लागलेला नव्हता. असा, वर. कुणाच्या मांडीवर ठेवावा तसा. कडक झाला होता, खाली करायला दोघं लागले. आणि हात खाली केला तेव्हा ती सीट आपणहून वर गेली."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. 'येऊ द्या, येऊ द्या' असा ओरडा चालू होता.

"तोंड कसं होतं?" मी विचारलं.

"तिकडे वळलेलं होतं."

"कसं दिसत होतं?"

तिने मांडीवरचं स्वेटर पुन्हा हातात घेतलं.

"वहिनी, सगळे म्हणतात झोपल्यासारखं."

"झोपल्यासारखं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मीच सांगितलं सगळ्यांना, भाऊजींसाठी थांबायचं नाही. उरकून घ्या. सासूबाईंना काय वाटेल ते वाटो. तुम्हाला राग यायचा तर येऊ दे, मी सोसेन तुमचा राग."

मी टेबलावर एवढ्या जोराने हात आपटला की माउस खाली लोंबायला लागला. "तू कोण ठरवणारी? माझा भाऊ होता तो!"

"माझा नवरा होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिने सामान पिशवीत भरलं, लोंबणारा माउस उचलून जागेवर ठेवला आणि दारातून वळली. "ते बंद करा आणि घरी या. नोकरी गेली खड्ड्यात. मी जेवण काढून ठेवते."

६

ती गेल्यावर मी मशीन बंद केलं. खरंच केलं. मागचं बटण दाबून, वायरसुद्धा काढली.

मग नुसता बसलो. खोली एवढीशी आहे. टेबल, खुर्ची, स्टूल, भिंतीला कॅलेंडर. समोर तिकीट खिडकी. तिच्या काचेवर जुन्या कार्यक्रमांचे कागद आतून-बाहेरून इतके चिकटवलेत की आरपार काही दिसत नाही. खाली पैसे आणि तिकीट सरकवायला अर्धगोल भोक आहे, तेवढंच उघडं. दादा म्हणायचा, मी या गावातल्या सगळ्यांना हातावरून ओळखतो, तोंडं कुणाची ठाऊक नाहीत.

हॉलमध्ये काही वाजत नव्हतं.

मी विचार करायचा प्रयत्न केला. मला विचार करायची सवय नाही, मी आधी करतो. वहिनी धक्क्यात होती, तिला नीट दिसलं नसेल. सीटची स्प्रिंग कधी कधी अडकते. चौकट म्हणजे मशीनचा दोष, आवाज म्हणजे जुनं लाकूड, आणि मी जेवलो नव्हतो. सगळं बरोबर बसत होतं. एवढं बरोबर बसत होतं तर मी घरी का जात नव्हतो?

फोन वाजला. कॉम्प्युटरवाला. "निघालोय, अर्ध्या तासात पोचतो. मशीन चालू ठेव म्हणजे फाइल पेनड्राइव्हमध्ये घेतो आणि तुझं ते जुनं डबडं उचलतो."

अर्ध्या तासात ते डबडं जाणार होतं.

मग माझ्या मनात आलं ते असं. दादा नसेल. वहिनी म्हणते तसं, चारवर दुसरंच कोणी असेल. पण दादा शेवटी त्याच्याकडेच बघत होता. म्हणजे दादाचं शेवटचं तोंड समोरून पाहिलेला तो एकटाच. माझ्या वाटणीचं ते त्याने पाहिलं होतं. तो कोणी का असेना, त्याला मला विचारायचं होतं.

मी वायर लावली.

फाइल उघडली. कुंपणं, डबे, शीट परत उलटं. चौकट शेवटच्या रांगेत. पलीकडे टप्प, मग कुरकुर. या वेळी आवाज ऐकायला कान द्यावा लागला नाही.

बंद केली. उघडली. चौकट रांगांच्या बाहेर, दादाने दारासाठी सोडलेल्या रिकाम्या जागेत. हॉलच्या दाराची कडी मी लावली नव्हती. दार जड आहे, ते उघडताना खालचा ब्रश फरशीवर घासतो. तो घासला.

इथे माझा हात थांबला. लॉबीत पावलं वाजली असती तर बरं वाटलं असतं. माणूस चालतो तेव्हा वाजतं. काहीच वाजत नव्हतं, कारण मी फाइल उघडली नव्हती.

"दादा," मी खिडकीकडे बघून म्हणालो, "तू असशील तर बोल. नसशील तर..."

बंद केली. उघडली. चौकट तळाला आली होती. तिकीट खिडकीच्या बाहेर, गिऱ्हाईक उभं राहतं त्या चौकटीत.

७

लॉबीतले दिवे चालू होते, म्हणून भोकातून उजेड आत येत होता, पोळपाटाएवढा, टेबलावर पडलेला. तो उजेड कमी झाला. कुणी समोर उभं राहिलं की होतो तेवढा.

भोकातून एक हात आत आला आणि टेबलावर टेकला.

तो मी ओळखला. अंगठ्याचं नख सीटच्या स्प्रिंगमध्ये सापडून काळं पडलं होतं, ते वाढत वाढत अर्ध्यापर्यंत आलं होतं. मनगटावर केस कमी. बोटांना पेनाच्या शाईचे डाग. दादाचा हात. मी तो धरणारच होतो, माझा हात पुढे गेलाही होता.

मग त्याच्यावर दुसरा हात आला. तो दादाचा नव्हता. तो कुणाचा होता ते मला सांगता यायचं नाही, मला फक्त एवढं कळलं की तो फार लांबून आत आला. मनगट आलं, कोपर यायला हवं होतं तिथे कोपर आलं नाही, आणि तो येतच राहिला. तो दादाच्या हातावर बसला आणि दाबून राहिला. घाईने नाही. शेजारी बसलेल्या माणसाने, उठू नको, बस, म्हणून ठेवावा तसा.

मशीनचा पंखा फिरत होता. स्क्रीनवर चौकट जिथल्या तिथे होती.

खालच्या हाताचं एक बोट सुटं होतं. ते हललं. टेबलावर आडवं, माझ्या मागच्या दाराच्या दिशेने, दोनदा. मला ते समजायला वेळ लागला नाही. लहान असताना मी नको तेव्हा खोलीत शिरलो की दादा न बोलता बोटानेच सांगायचा. जा. इथून जा.

दार माझ्या मागे होतं, उघडं होतं. बाहेर रस्ता होता, उजेड होता, अजून दुकानंही बंद झाली नव्हती. वहिनीने जेवण काढून ठेवलं होतं.

त्या भोकातून फक्त हात दिसतात. तोंड बघायचं तर टेबलावर छाती टेकवून खाली वाकावं लागतं.

दादाचं बोट आणखी एकदा हललं, जोरात.

मी खुर्ची मागे सारली आणि वाकलो.